बांगड्यांखालचं गोंदण

लेकीचा फोन आला, "आबा, रविवारी सकाळच्या लोकलनं लोणावळ्याला या. तुंगार्लीत एका बंगल्यात जुन्या वस्तूंचं संग्रहालय झालंय. तिथं घरच्यांनी मिळून करायचा कार्यक्रम आहे, कॉम्प्युटरवर नक्षी काढायचा. पोरगी हट्ट धरून बसलीय."

"मग तिला ने की. माझं काय काम तितं?"

"घरातलं वडीलधारं माणूस आणा म्हणालेत."

"कशाला? जुन्या वस्तूंत मांडून ठेवायला?"

ती हसली नाही. तिची आई गेल्यापासून ती माझ्या बोलण्यावर लगेच हसत नाही. आधी थोडी थांबते, आवाजावरून माझा अंदाज घेते आणि मग बोलते. मला हे थांबणं आवडत नाही. त्या थांबण्याला कंटाळूनच मी येतो म्हणालो.

मी घोरावाडीजवळ राहतो. रेल्वेत गँगमन होतो, उन्हापावसात रूळ तपासत हिंडलो आणि पेन्शनीत निघालो. शाळा चौथीपर्यंत. पण कुणापुढं मान खाली घालून उभा राहिलो नाही, साहेबापुढंही नाही. आमची मंडळी म्हणायची, "अवं, तुमाला न्हाई ठाऊक म्हणायला काय पैसं पडत्यात?" मी म्हणायचो, ठाऊक असताना न्हाई कसं म्हणू. ती तोंडाला पदर लावून हसायची.

संग्रहालय म्हणजे काय, तर बंगल्याच्या तीन खोल्यांत पाभर, शिंकाळं, रोवळी, मापटं, पितळेचे डबे. यातलं निम्मं माझ्या माळ्यावर पडलंय. प्रत्येकाखाली चिठ्ठी आणि वर दिवा. पुण्यामुंबईची माणसं मुलांना घेऊन आलेली आणि रोवळीपुढं उभी राहून फोटो काढत होती. मागच्या व्हरांड्यात टेबलं मांडलेली. शिकवायला पुण्याची एक मुलगी होती. केस बारीक कापलेले, बोलायला गोड.

"आजोबा, तुम्ही इथं बसा."

"मी हिचा एकटीचा आजोबा हाय," मी नातीकडं बोट दाखवून म्हणालो.

"मग मी काय म्हणू?"

"आबा म्हण. सगळं गाव म्हणतं."

"आबा, बसा," ती म्हणाली आणि माझ्यापुढं पाटीएवढा टॅब ठेवला. सोबत एक पेन, ज्यात शाई नाही.

काम असं होतं. प्रत्येक कुटुंबानं आपल्या घरातली एखादी नक्षी आठवायची. उंबऱ्यावरची रांगोळी म्हणा, गोधडीचा टाका म्हणा, भांड्यावरची वेल म्हणा. ती टॅबवर काढायची. पुढच्या रविवारी एक मशीन येणार, ते उजेडाच्या रेघेनं पातळ लाकडातून ती नक्षी कापून देणार. एक आपण घरी न्यायची, एक संग्रहालयाच्या भिंतीवर राहणार.

आम्ही काय काढायचं ते ठरायला वेळ लागला नाही. आतल्या खोलीत काचेखाली गोंदायच्या सुया होत्या, दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या. शेजारी गोंदलेल्या हाताचं एक चित्र. नात तिथंच खिळून राहिली होती.

"आबा, आजीच्या हातावर असंच होतं ना?"

लेक पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

"व्हय," मी म्हणालो. "तेच काढायचं."

आता मनातलं सांगतो. त्याआधी काही महिन्यांपासून मला तिचा हात दिसेनासा झाला होता. चेहरा दिसायचा, पण तो भिंतीवरच्या फोटोतला. आवाज यायचा. पण ज्या हातानं जन्मभर माझ्या ताटात भाकरी टाकली, तो हात डोळे मिटून कितीही बोलावला तरी यायचा नाही. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं आणि हात निघून चालला होता. तो परत येतो का बघावं, एवढ्याचसाठी मी ते बिनशाईचं पेन उचललं. लेकीला हे सांगितलं नाही. ती परत थांबली असती.

मी काढायला बसलो. टॅब बरा, रेघ वाकडी गेली की पुसता येते. कोपरापासून सुरुवात केली. एक विंचू. मग तुळशीवृंदावन, त्याच्या दोन बाजूंना टिंबं. तुळशीच्या शेंड्यातून निघालेली वेल थेट मनगटाकडं. मला वाटलं त्यापेक्षा जास्त आठवत होतं. एकेक रेघ काढली की पुढची आपोआप येत होती.

लेक वाकून बघत होती. "आबा, तुळस उलटी काढलीत."

"उलटी न्हाई."

"अहो, शेंडा खाली आणि कट्टा वर. तुळस अशी असते का?"

"तुझ्या आईच्या हातावर अशीच व्हती. तुला काय ठाऊक."

"मला नाही ठाऊक? मी त्या हातावर डोकं ठेवून झोपायचे." तिनं दुसरा टॅब ओढला आणि भराभर काढलं. तेच वृंदावन, तीच टिंबं, तोच विंचू, पण सगळं माझ्या उलट. वेल वर चढत गेलेली.

"चूक," मी म्हणालो.

"चूक तर चूक," ती म्हणाली. हट्ट माझाच उतरलाय तिच्यात.

पुण्याची मुलगी मधे आली. तिनं माझा टॅब घेतला, चित्रावर दोन बोटं ठेवली आणि फिरवलं. माझं चित्र गोल फिरून लेकीच्या चित्रासारखं झालं. रेघ न रेघ जुळली.

"आबा, तुम्ही आजींच्या समोर बसायचा का जेवायला?"

"मग काय पाठीमागं बसू?"

"म्हणून तुम्हाला समोरून दिसायचं. आणि ताई मांडीत बसायच्या, त्यांना आजींच्या बाजूनं दिसायचं."

व्हरांड्यात सगळे आपापल्या टेबलावर होते, आमच्याकडं कुणी बघत नव्हतं. लेकीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या घडीला मला वाटलं, आला. हात आला. समोरून, वाफ निघणारी भाकरी धरलेला, तुळशीचा शेंडा माझ्याकडं.

पण वेल मनगटाशी येऊन थांबली. माझ्याही चित्रात आणि लेकीच्याही.

"पुढं काय होतं?" मुलीनं विचारलं. "मशीनला रेघ बंद लागते. उघडी राहिली तर तुकडा सुटत नाही."

"पुढं बांगड्या," लेक म्हणाली.

"आणि बांगड्यांखाली?"

लेकीनं टॅब माझ्याकडं सरकवला, मी तो परत तिच्याकडं सरकवला.

नात हुशार. तिनं आईच्या फोनमध्ये स्वतःच्या वाढदिवसाचा फोटो शोधला. आजी औक्षण करतेय, हात पुढं केलेला. तिनं तो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. हिरव्या बांगड्यांचे नुसते हिरवे चौकोन झाले. हात त्या चौकोनांत विरून गेला. "बास," लेक म्हणाली आणि फोन उलटा ठेवला.

आमच्याकडं सवाष्णीचा हात मोकळा ठेवत नाहीत. नव्या बांगड्या भरायच्या झाल्या तरी जुनी एक हातात राखतात, नव्या चढल्या की मगच ती उतरवतात. माझ्या मंडळीनं तर हे फारच जपलं. दवाखान्यात नर्स म्हणाली, बांगड्या काढा, सुई लावायचीय. हिनं तो हात पांघरुणात घेतला, दुसरा पुढं केला आणि मानेनंच त्याच्या कोपराच्या वर खुणावलं. नर्सनं तिथं सुई लावली. शेवटची अंघोळ बायकांनी घातली, लेक होती त्यात. हिरवं लुगडं, हळदीकुंकू, आणि हात बांगड्यांनी भरलेले. तशीच गेली. गावातल्या बाया म्हणाल्या, भाग्याची, अहेवपणी गेली.

मी आधी गेलो असतो तर तिच्या बांगड्या उतरल्या असत्या. मोकळं मनगट लेकीनं बघितलं असतं, नातीनं विचारलं असतं आजी हे काय. मी मागं राहिलो म्हणून ते झाकलेलं राहिलं आणि झाकलेलंच जळालं. भाग्य म्हणायचं ते हेच.

"आबांना आठवत नसेल तर राहू दे," मुलगी मऊ आवाजात म्हणाली.

तो मऊपणा मला झोंबला. "आठवत न्हाई कोण म्हणलं? ठाऊक हाय मला. पुढल्या रविवारी सांगतो." नातीनं टाळी वाजवली. लेकीनं मात्र माझ्याकडं असं बघितलं, जसं तिची आई बघायची.

मला काही ठाऊक नव्हतं. पण कुणाला ठाऊक असेल ते लोकलमध्ये बसल्यावर सुचलं. वडगावची मण्यारीण. लग्न झाल्यापासून मंडळी तिच्याकडंच बांगड्या भरायची. जवळपास कासाराचं दुकान असताना गाडीनं वडगावला जायची. मी म्हणायचो, तितं काय सोन्याच्या मिळत्यात का?

बुधवारी वडगावला उतरलो. बाजारात ते दुकान सापडलं, पण आत सगळ्या बायका. मी तसाच पुढं गेलो. दोरखंड विकत घेतलं, ज्याची मला गरज नव्हती. परत आलो, परत पुढं गेलो. तिसऱ्या वेळी गल्ल्यावरची तरणी सून म्हणाली, "बाबा, काय पायजे? हरवलंय का काय?"

"सासू हाय का तुझी?"

म्हातारी मागं पाटावर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. तिनं आवाजावरून ओळखलं. "घोरावाडीचं भाऊ ना तुमी? या, बसा. ताई कुटं हाय? लय दिस झालं, दिवाळीलाबी फिरकली न्हाई. दुसरी मण्यारीण धरली का काय?"

तिला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार कोण? लेकीला ती ठाऊक नाही, मला सुचलं नाही.

"आता न्हाई यायची, भाभी," मी म्हणालो.

म्हातारीनं मांडीवरच्या बांगड्या खाली ठेवल्या. दुकानात बांगड्यांची किणकिण चालू होती, सून गिऱ्हाइकांशी बोलत होती. मग तिनं विचारलं, "हातात व्हत्या?"

"व्हत्या. तुमीच भरलेल्या."

"मग बरं झालं." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "बरं कसलं म्हणा. पर बरं झालं."

मी इथं का आलो ते सांगितलं. गोंदण, टॅब, मशीन, सगळं. ती ऐकत होती. "आता मशीन गोंदतीया व्हय," एवढंच म्हणाली. मग मी विचारलं, "वेल पुढं कुटं गेलती? बांगड्यांखाली काय व्हतं?"

"तुमाला कशाला पायजे आता?"

"लाकडात काढायचंय. भिंतीवर लावत्यात."

"समद्यांनी बघायला?"

"व्हय."

तिनं मान हलवली. "तिनं मला शपथ घातलीवती भाऊ, कुणाला म्हणायचं न्हाई म्हणून."

"मी कुणी हाय व्हय?"

"तुमीच तर. दुसऱ्या कुणाची तिला काय पडलीवती?"

बसलो तसाच, दोरखंड मांडीवर घेऊन. तिलाच माझी दया आली असावी. सुनेला चहा सांगितला आणि हळू आवाजात मला सांगितलं.

काय होतं ते मी इथं लिहीत नाही. शपथ आता माझ्यावर आलीय. एवढंच लिहितो, की त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. लग्नाच्या आधी, माहेरच्या बाजारात गोंदताना एका लहान पोरीला सोसवलं नाही, बाकी काही नाही. पण त्या पोरीला कुणीतरी त्यावरून हसलं असेल, आणि ते तिच्या मनात बसलं. आमच्या घरात ती नांदली, पोरं वाढवली, म्हातारी झाली, आणि तेवढी चार बोटं जागा तिनं माझ्यापासून लपवून ठेवली.

"मला सांगितलं आसतं तर मी काय हसलो आसतो?" मी म्हणालो.

"सगळं नवऱ्यालाच सांगायचं तर मण्यारीण कशाला आसती?" म्हातारी म्हणाली. "एक बांगडी मागं सारायची आन मनगट चोळायचं. तेवढा येळ तिचा हात माझा. लय बोलायची तेवढ्यात."

उठताना ती म्हणाली, "त्या मशीनवाल्या पोरीला सांगा, हात सव्वादोनचा व्हता. बारीक हाडाची बाई." आणि तिनं दोन्ही हातांची बोटं समोर धरून गोल केला. डोळ्यांनी दिसत नाही, पण बोटांना माप ठाऊक. हवेत माझ्या बायकोचं मनगट झालं. मी ते बघत उभा राहिलो. सून म्हणाली, "अम्मी, गिऱ्हाइकाला जागा द्या," तेव्हा भानावर आलो.

दुसऱ्या रविवारी व्हरांड्यात मशीन आलं होतं, काचेचं झाकण असलेली पेटी. पुण्याच्या मुलीनं आमचं चित्र तयार ठेवलं होतं. आठवडाभर तिला वाईट वाटत असावं, कारण तिनं वेल पुरी करून आणली होती. मनगटावर सुंदर वळण, दोन पानं, टोकाला कळी. कॉम्प्युटरनंच बाकीच्या रेघा बघून काढलीय म्हणाली.

"किती छान," नात म्हणाली.

छान होती. खरंच छान होती. म्हणूनच मला ती बघवेना.

"हे काढून टाक," मी म्हणालो.

"आबा, राहू दे की," लेक हळूच म्हणाली. "इतकी मेहनत केलीय त्यांनी. कुणाला काय कळणारय?"

"काढ म्हणतो ना."

मुलीनं पुसली. वेल पुन्हा उघडी. "मग तुम्ही सांगा आबा, खाली काय होतं? मी तसं काढते."

शेजारच्या टेबलावरचं कुटुंब थांबून ऐकायला लागलं. नात म्हणाली, "आबांना माहितीय. ते मागच्या वेळी म्हणालेत." तिला माझा केवढा अभिमान. आजोबा सगळ्यांसमोर आता सांगणार.

मला सांगता आलं असतं. जसं होतं तसं, रेघेनिशी. मग ते लाकडात उतरलं असतं, भिंतीवर दिव्याखाली टांगलं असतं, आणि मुंबईच्या माणसांनी त्याचे फोटो काढले असते.

"मला ठाऊक न्हाई," मी म्हणालो.

लेकीनं झटकन माझ्याकडं बघितलं. हे शब्द तिनं माझ्या तोंडून आजवर ऐकले नव्हते. माझ्या मलाही ते कुणा दुसऱ्याचे वाटले. ज्या बाईनं ते ऐकायची जन्मभर वाट बघितली, ती ऐकायला नव्हती.

"तुम्ही म्हणाला होतात!" नात म्हणाली.

"म्हणलोवतो. पर ठाऊक न्हाई."

मग मी मुलीला म्हणालो, "वेलीवर बांगड्या काढ. मनगट भरून. हात सव्वादोनचा व्हता." तिला सव्वादोन कळेना, तेव्हा मी दोन्ही हातांची बोटं गोल करून दाखवली, म्हातारीनं दाखवली होती तशी. तिनं पट्टी लावून मापलं. टॅबवर एकेक बांगडी उमटली. वेल बांगड्यांखाली गेली आणि रेघ बंद झाली. मशीनला तेवढंच हवं होतं.

पेटीत उजेडाची बारीक रेघ फिरायला लागली. जळक्या लाकडाचा वास सुटला. नात काचेला नाक लावून बघत होती. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. तो वास मला आत बसून घेता आला नाही.

भिंतीवरच्या चिठ्ठीत काय लिहू म्हणून मुलीनं विचारलं. मी म्हणालो, "बांगड्या भरलेला हात, एवढंच लिही." तिनं तेवढंच लिहिलं.

परत निघताना आम्ही तुंगार्लीच्या तळ्यावर बसलो. नात पाण्यात खडे टाकत होती. लेक म्हणाली, "आबा, बुधवारी तुम्ही वडगावला गेला होता ना? शेजारच्या काकूंनी सांगितलं. कुणाकडं?"

"दोरखंड आणायला."

ती थांबली. या वेळी मला ते थांबणं खुपलं नाही. "बरं," ती म्हणाली, आणि माझ्या सदऱ्याला लागलेली जळक्या लाकडाची काजळी झटकली.

ते लाकूड आता माझ्या घरी फोटोशेजारी आहे. नातीनं बांगड्या स्केचपेननं हिरव्या रंगवल्या. रंग थोडा रेघेबाहेर गेलाय. वर्षश्राद्धाला आलेल्यांनी कौतुक केलं, अगदी तिच्यासारखा म्हणाले.

हात परत यावा म्हणून मी एवढं केलं, पण झालं उलटंच. आता डोळे मिटले की हाच येतो, लाकडाचा. कडा जळलेल्या, बांगड्या स्केचपेनच्या. भाकरी धरलेला तो हात यानं बाजूला सारला. जे जे मी काढलं, ते सगळं लाकडाचं झालं. काढलं नाही तेवढंच तिचं राहिलं, बांगड्यांखालचं, चार बोटं. जेवायला बसलो की कधी कधी ते लाकूड पुढ्यात घेतो, त्या बांगड्यांवर अंगठा ठेवतो आणि भाकरी निवून जाते.